सफरचंदाच्या खुंटात रोल जनुक : पानाच्या तुकड्यापासून कलमापर्यंत

सफरचंदाच्या खुंटात, म्हणजे कलमाखालच्या मुळांकडच्या भागात, जनुक घालताना कॅनामायसिन या प्रतिजैविकावर हिरवा फुटवा दिसला, पीसीआर या डीएनए-चाचणीत जनुकाची पट्टी आली, बाटलीतले रोप ठेंगणे राहिले, की अनेक प्रकल्प अहवालांत 'बुटका खुंट तयार झाला' असे लिहिले जाते. पण हिरवा फुटवा जनुक न घेताच प्रतिजैविकाच्या निवडीतून निसटलेला असू शकतो. पट्टी पानात दडलेल्या, जनुक वाहून आणणाऱ्या जिवाणूची असू शकते. ठेंगणेपणा माध्यमातल्या टीडीझेड या फुटवे आणणाऱ्या संप्रेरकाचा असू शकतो. आणि फुटवा, पट्टी आणि ठेंगणेपणा ही तिन्ही लक्षणे खरी निघाली तरी खुंटाचा बुटकेपणा म्हणजे त्याच्यावर बांधलेल्या वाणाची वाढ आवरण्याची ताकद, आणि ती बाटलीत दिसतच नाही.

पुढची कृती एम-२६ या खुंटासाठी आहे. हा इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा, एम-१६ आणि एम-९ यांच्या संकरातला खुंट. त्यात रोल जनुके घालण्याचे बरेचसे काम स्वीडनच्या कृषी विद्यापीठात झाले. एम-९, जॉर्क-९ अशा इतर खुंटांनाही हाच क्रम चालतो. प्रमाणे मात्र प्रत्येक खुंटासाठी नव्याने बसवावी लागतात.

टप्पा १ : कोणते जनुक, कशासाठी

मुळे फुटणे आणि बुटकेपणा या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एकाच जनुकाकडून दोन्ही मागू नका.

रोल-ए, रोल-बी आणि रोल-सी ही जनुके ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या जिवाणूच्या आरआय प्लास्मिडमधली (प्लास्मिड म्हणजे जिवाणूतला डीएनएचा सुटा गोल). रोल-बी मुळांसाठी : ते असलेल्या पेशी ऑक्सिन या मुळे आणणाऱ्या संप्रेरकाला जास्त संवेदनशील होतात आणि फांदीच्या बुडाला मुळे लवकर सुटतात. रोल-ए पेरांची लांबी कमी करते, पण पाने सुरकुततात. रोल-सीने पेरे आखूड होतात, शेंड्याचा जोर कमी होतो आणि झाड झुडपासारखे होते. म्हणजे रोल-बीचे रोप थोडे ठेंगणे दिसले म्हणून ते बुटकेपणाचे जनुक ठरत नाही.

'एम-९चेच बुटकेपणाचे जनुक का घालू नये?' हा प्रश्न हमखास येतो. एम-९मध्ये बुटकेपणाशी जोडलेल्या डीडब्ल्यू-१ आणि डीडब्ल्यू-२ या जागा गुणसूत्रांवर सापडल्या आहेत. पण जागा सापडणे म्हणजे उचलून दुसरीकडे लावता येईल असे एक नेमके जनुक हातात येणे नव्हे.

प्रमोटरचा, म्हणजे जनुक कुठे आणि कधी चालू व्हावे हे ठरवणाऱ्या भागाचा, विचार इथेच करा. ३५एस प्रमोटरखाली जनुक झाडाच्या जवळजवळ सगळ्या भागांत सतत चालू राहते, त्यामुळे नको ते परिणामही जास्त दिसतात. रोल-बीचा स्वतःचा प्रमोटर ऑक्सिनला प्रतिसाद देतो, म्हणून मुळांच्या कामासाठी तोच आधी घ्यावा.

निवडीसाठी एनपीटी-टू (कॅनामायसिन सोसायला लावणारे जनुक) असलेला बायनरी प्लास्मिड, म्हणजे जनुक झाडात नेणारा वाहक, पुरतो. त्याच्याबरोबर रोल जनुक नसलेला, फक्त एनपीटी-टू असलेला रिकामा प्लास्मिडही तयार ठेवा. पुढे प्रत्येक तुलनेत त्याच्या ओळी (एका बदललेल्या फुटव्यापासून वाढवलेली रोपे म्हणजे एक ओळ) लागतात आणि त्या मागाहून करायला वर्ष जाते.

टप्पा २ : परवानगी, तीही आधी

भारतात १९८९चे नियम लागू होतात. बाटलीतल्या कामासाठीही संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची मंजुरी कामाआधी घ्यावी लागते. त्यापुढची पायरी आरसीजीएमची, म्हणजे जनुकबदलाच्या प्रयोगांची छाननी करणाऱ्या केंद्रीय समितीची. उघड्या शेतातल्या चाचणीला जीईएसी (पर्यावरण मंत्रालयाची जनुकबदल मूल्यांकन समिती) आणि त्या राज्याची संमती लागते.

इथे दोन गैरसमज वारंवार आढळतात. पहिला, 'बदल खुंटात आहे, फळ साध्या वाणाचे आहे, मग परवानगी कशाला?' खुंट हा झाडाचाच भाग आहे, त्यामुळे झाड नियमाखाली येते. दुसरा, २०२२ची सवलत आपल्यालाही आहे असे समजणे. ती सवलत परका डीएनए शिल्लक न राहणाऱ्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या जनुक-संपादनाला आहे. रोल जनुक परकेच आहे.

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. बाटलीतले काम पुण्यात होईल, पण सफरचंदाला हिवाळ्यातली थंडी लागते. कलमांची चाचणी हिमाचल, काश्मीर किंवा उत्तराखंडातच करावी लागेल. तिथल्या संस्थेशी करार आणि तिथल्या राज्याची संमती हे दोन्ही पहिल्या वर्षापासून मागे लागून मिळवायचे विषय आहेत.

टप्पा ३ : मातृरोपे

पानाचा तुकडा पुन्हा फुटेल की नाही, हे ज्या रोपाचे पान घेतले त्याच्यावर बहुतांशी ठरते. तरीही सगळ्यात कमी लक्ष इथेच दिले जाते.

१. वाढीचे माध्यम : एमएस (मुराशिगे-स्कूग) क्षार व जीवनसत्त्वे, साखर ३० ग्रॅम, बीए (फुटव्यांचे संप्रेरक) १ मिग्रॅ, आयबीए (एक ऑक्सिन) ०.१ मिग्रॅ, आगर ७ ग्रॅम, हे सगळे प्रति लिटर. पीएच ५.७, ऑटोक्लेव्हआधी मोजलेला.
२. तापमान २४ अंश, प्रकाश १६ तास.
३. दर ४ आठवड्यांनी सबकल्चर, म्हणजे नव्या माध्यमावर बदली. कितवे सबकल्चर आहे ते बाटलीवर लिहा. या आकड्याची गरज टप्पा ८मध्ये लागेल.
४. पाने घ्यायची ती सबकल्चरनंतर ३ ते ४ आठवड्यांनी, शेंड्याकडची पहिली तीन-चार नुकती पूर्ण उघडलेली. खालची जुनी पाने फुटत नाहीत.

सावध : काचेसारखी पारदर्शक, फुगलेली, ठिसूळ पाने दिसली तर ती बाटली प्रयोगात घेऊ नका. आगर १ ग्रॅमने वाढवा, झाकणातून हवा खेळू द्या, बीए निम्मे करा आणि दोन सबकल्चर थांबा.

टप्पा ४ : जिवाणू आणण्याआधीच्या दोन चाचण्या

या दोन चाचण्यांना दोन-तीन महिने जातात म्हणून त्या टाळल्या जातात. मग वर्षभर काहीच उगवत नाही आणि दोष जिवाणूला दिला जातो.

पहिली चाचणी, पुनर्जननाची, म्हणजे पानाच्या तुकड्यातून नवे फुटवे येण्याची. माध्यमात टीडीझेड १ ते २ मिग्रॅ आणि एनएए (आणखी एक ऑक्सिन) ०.२ ते ०.५ मिग्रॅ प्रति लिटर घ्या, आणि तुलनेसाठी टीडीझेडऐवजी बीए ५ मिग्रॅ. पानाच्या मधल्या शिरेला आडवे तीन-चार छेद द्या, ते पार कडेपर्यंत नेऊ नका. पानाची वरची बाजू माध्यमाला टेकवा. थाळ्या ३ आठवडे पूर्ण अंधारात ठेवा, मग उजेडात आणा. अंधार चुकवला तर तुकडे तपकिरी पडतात आणि फुटवे घटतात. थाळी अर्धवट उघडून रोज टॉर्च मारून बघणे म्हणजेही अंधार मोडणेच.

तपासा : ८ आठवड्यांनी निदान दहांतल्या सात तुकड्यांवर फुटवे हवेत. त्याखाली असाल तर पुढे जाऊ नका. संसर्ग आणि प्रतिजैविके यांच्या माऱ्याने हा आकडा आणखी खाली येणारच आहे.

दुसरी चाचणी, कॅनामायसिन किती सोसते याची. जिवाणू न लावलेले तुकडे ०, १०, २५, ५०, ७५ आणि १०० मिग्रॅ प्रति लिटर अशा थाळ्यांवर, प्रत्येकी निदान ५० तुकडे. ज्या सर्वांत कमी प्रमाणावर एकही फुटवा येत नाही, ते तुमचे प्रमाण. सफरचंदाच्या पानाला ते बहुधा २५ ते ५०च्या दरम्यान सापडते. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा उचलू नका : खुंट, आगर आणि पानाचे वय बदलले की तो बदलतो. हीच चाचणी सेफोटॅक्सिम या, संसर्गानंतर जिवाणू मारण्यासाठी वापरायच्या प्रतिजैविकासाठीही (२५० आणि ५०० मिग्रॅ) एकदा करून घ्या, कारण जास्त सेफोटॅक्सिमनेही काही खुंटांत फुटवे कमी होतात.

टप्पा ५ : जिवाणू आणि संसर्ग

प्लास्मिडमधले जनुक पानाच्या पेशींत पोहोचवतो तो ॲग्रोबॅक्टेरियम ट्यूमिफेशियन्स हा जिवाणू. त्याच्या जातीची निवड इथे महत्त्वाची आहे. ईएचए१०१ ही जात मुळातच कॅनामायसिनला दाद देत नाही, त्यामुळे तुमचा प्लास्मिड जिवाणूत कॅनामायसिनवर राखायचा असेल तर ती चालणार नाही. तिचीच कॅनामायसिनने मरणारी आवृत्ती ईएचए१०५ घ्या.

ॲसिटोसिरिंगोनचा (जिवाणूची जनुक-हस्तांतराची यंत्रणा जागी करणाऱ्या रसायनाचा) साठा आधी करून ठेवा : १९.६ मिग्रॅ १ मिली डीएमएसओ या द्रावकात म्हणजे १०० मिलिमोलर. याचा १ मिली एका लिटरला टाकला की १०० मायक्रोमोलर होते. उणे २० अंशांवर लहान नळ्यांत ठेवा.

१. एकच वसाहत उचलून रिफॅम्पिसिन आणि प्लास्मिडचे प्रतिजैविक असलेल्या द्रव माध्यमात २८ अंशांवर रात्रभर हलवत वाढवा.
२. सकाळी ताज्या माध्यमात पातळ करून ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचे, म्हणजे जिवाणूंच्या दाटीचे माप) ०.५ ते ०.६ येईपर्यंत पुन्हा वाढवा. ओडी १.५ झालेली रात्रीची वाढ पाणी घालून ०.५वर आणणे हा आडमार्ग आहे. त्या पेशी थकलेल्या असतात.
३. सेंट्रिफ्यूज करून जिवाणू खाली बसवा, वरचे माध्यम पूर्ण ओता. त्यातली प्रतिजैविके पानाला नकोत.
४. साखर असलेल्या द्रव एमएसमध्ये १०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन घालून जिवाणू पुन्हा मिसळा. पीएच ५.२ ते ५.५ ठेवा. जिवाणूची विर जनुके, म्हणजे हस्तांतर घडवणारी जनुके, आम्लतेतच नीट जागी होतात. तासभर थांबा.
५. पाने या द्रवातच कापा आणि १५ ते २० मिनिटे हळू हलवत ठेवा. बाहेर कापून आणलेली पाने कडांना सुकतात.
६. निर्जंतुक टिपकागदावर दोन्ही बाजूंनी नीट टिपा.
७. ॲसिटोसिरिंगोन असलेल्या, पण प्रतिजैविक नसलेल्या पुनर्जनन माध्यमावर २ ते ३ दिवस अंधारात, २२ ते २४ अंशांवर. हाच पान आणि जिवाणूचा सहवास.

सावध : जिवाणू २८ अंशांवर छान वाढतो म्हणून सहवासाच्या थाळ्याही २८वर ठेवल्या जातात. जिवाणूची वाढ आणि टी-डीएनएचे (जिवाणू झाडाच्या पेशीत सोडतो त्या डीएनए-तुकड्याचे) हस्तांतर यांची तापमाने वेगळी आहेत. तापमान चढले की जिवाणू भरमसाट होतो आणि हस्तांतर घटते. तिसऱ्या दिवशी तुकड्याभोवती दुधी कडे अगदी पुसट दिसावे. जाड साय आली असेल तर उशीर झाला.

मग सेफोटॅक्सिम ५०० मिग्रॅ प्रति लिटर घातलेल्या निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा आणि पुन्हा टिपा. हे टिपणे घाईत उरकले जाते, आणि महिन्याभराने जिवाणू डोके वर काढतो तो इथूनच.

त्याच दिवशी लावायच्या कंट्रोल थाळ्या : जिवाणू नाही आणि कॅनामायसिन नाही, जिवाणू नाही पण कॅनामायसिन आहे, रिकाम्या प्लास्मिडचा जिवाणू आणि कॅनामायसिन, आणि चौथी, तुमचा जिवाणू व सेफोटॅक्सिम, पण कॅनामायसिन नाही. शेवटची थाळी बहुतेक जण विसरतात. फुटवे न येण्याचे कारण संसर्गाचा मार आहे की निवडीचा, हे तीच सांगते.

टप्पा ६ : निवड

पुनर्जनन माध्यमात सेफोटॅक्सिम २५० ते ३०० मिग्रॅ आणि तुमच्या चाचणीतून आलेले कॅनामायसिन. प्रतिजैविके माध्यम ५० अंशांच्या आसपास निवल्यावरच घाला. बाटली हातात सहज धरता यायला हवी. ३ आठवडे अंधार, मग उजेड. दर २ आठवड्यांनी नव्या थाळीवर, कारण सेफोटॅक्सिम उजेडात आणि उबेत टिकत नाही.

पहिले फुटवे साधारण ६ ते ८ आठवड्यांनी दिसतात, पुढे तीन-चार महिने येत राहतात. शंभर तुकड्यांमागे खरे फुटवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात, म्हणून एका जनुकामागे निदान ५०० तुकड्यांची तयारी ठेवा.

तुकडा फुगला की त्याची कड माध्यमापासून उचलली जाते. त्या उचललेल्या भागापर्यंत कॅनामायसिन पोहोचत नाही आणि तिथून निसटलेले फुटवे येतात. दर बदलीच्या वेळी तुकडा हलकेच दाबून पूर्ण टेकवा. फार मोठा झाला असेल तर दोन भाग करा, पण दोन्हींना एकच क्रमांक द्या.

क्रमांकाचा नियम काटेकोर हवा : एका तुकड्यावरून आलेले सगळे फुटवे जनुक शिरण्याच्या एकाच घटनेचे मानायचे, वेगळे आहेत असे सिद्ध होईपर्यंत. 'बारा ओळी मिळाल्या' असे सांगून नंतर त्या तीनच निघाल्याचे दुःख हा नियम मोडल्यामुळे होते.

फुटवा १ सेंमीचा झाला की टीडीझेड नसलेल्या, बीए असलेल्या माध्यमावर, कॅनामायसिनसह हलवा. टीडीझेडवर जास्त काळ राहिलेले फुटवे गुच्छासारखे होतात आणि लांबतच नाहीत.

तपासा : कॅनामायसिनवर लागोपाठ तीन सबकल्चर हिरवी राहिलेली ओळच पुढे न्या. एकाच पानात हिरवे आणि पांढरे पट्टे दिसले तर ती मिश्र पेशींची ओळ आहे. तिच्या हिरव्या पानाचा तुकडा घेऊन, कॅनामायसिनवर, पुन्हा फुटवे काढा.

टप्पा ७ : जनुक खरेच झाडात आहे का

१. सफरचंदाच्या पानात फिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर. डीएनए काढण्याच्या सीटीएबी पद्धतीत, फिनॉल आवरण्यासाठी, २ टक्के पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला. डीएनए तपकिरी आला तर तो पीसीआर अडवतो.
२. प्रत्येक नमुन्यावर तीन पीसीआर : रोल जनुक, सफरचंदाचे स्वतःचे एखादे जनुक (ॲक्टिन चालते), आणि जिवाणूचे विर-जी. विर-जी टी-डीएनएच्या बाहेर असते, झाडात जात नाही. रोलची पट्टी आहे, ॲक्टिनची आहे, विर-जीची नाही, तरच नमुना खरा. रोल आणि ॲक्टिन दोन्ही नाहीत, तर डीएनए खराब आहे, ओळ नव्हे.
३. पानाचा तुकडा प्रतिजैविक नसलेल्या जिवाणू-माध्यमात २८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. गढूळ झाले तर जिवाणू अजून आहे.
४. सदर्न ब्लॉट, म्हणजे जनुकाच्या किती प्रती शिरल्या हे दाखवणारी चाचणी. टी-डीएनएत एकदाच कापणारे एन्झाइम निवडा, जितक्या पट्ट्या तितक्या प्रती. वेगळ्या ओळींचा पट्ट्यांचा नमुना वेगळा यायला हवा.
५. जनुक आहे म्हणून ते चालू आहे असे नाही. आरएनएवरून तपासणी करा, मुळांत आणि पानांत वेगवेगळी.

एक-दोन प्रतींच्या ओळी ठेवा. खूप प्रती असलेल्या ओळींत जनुक पुढे मुके होण्याची शक्यता जास्त, आणि खुंट हा वर्षानुवर्षे टिकायचा असतो.

टप्पा ८ : मुळांची चाचणी

इथे तीन गोष्टी निकाल बिघडवतात. कॅनामायसिन स्वतःच मुळे रोखते, त्यामुळे चाचणीच्या माध्यमात ते नको. मागच्या माध्यमातले बीए आणि टीडीझेड फांदीत उरलेले असते, त्यामुळे टीडीझेड सोडल्यावर निदान तीन सबकल्चर झालेली असावीत. आणि तिसरी, सगळ्यात फसवी : टिश्यू कल्चरमध्ये जितका काळ रोप राहते तितके ते तरुण होत जाते आणि आपोआपच जास्त मुळे देते. म्हणून कंट्रोल रोप त्याच सबकल्चर संख्येचे हवे. शेतातून ताजे आणलेले एम-२६ कंट्रोल म्हणून चालत नाही.

माध्यम निम्म्या ताकदीचे एमएस. आयबीए ०, ०.१ आणि १ मिग्रॅ प्रति लिटर. प्रत्येक ओळीच्या सारख्या उंचीच्या निदान २० फांद्या, तीन वेळा. १०, २० आणि ३० दिवसांनी मुळे आलेल्या फांद्यांची टक्केवारी, मुळांची संख्या, लांबी आणि बुडाशी कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) किती, हे नोंदवा.

रोल-बीचा खरा निकाल शून्य आयबीएवर बघायचा. आयबीए वाढवले की रोल-बीच्या ओळी मागे पडल्यासारख्या वाटू शकतात : ऑक्सिनला आधीच संवेदनशील झालेल्या बुडाला जादा ऑक्सिन मिळाले की कॅलसचा गोळा होतो. फक्त १ मिग्रॅवर चाचणी करून 'फरक नाही' म्हणत चांगल्या ओळी टाकून देण्याची चूक इथेच होते.

मुळाला फांदीशी जोडणारी वाहिनी आहे का, तेही पाहा. कॅलसमधून सुटलेली मुळे मातीत गेल्यावर गळून पडतात. दोन-चार फांद्या उभ्या चिरून भिंगाखाली बघितल्या की कळते.

टप्पा ९ : कुंडीत आणणे

मुळांचे आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा. कोकोपीट आणि परलाइट समप्रमाणात, पहिला आठवडा ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू कमी. पाण्यातून खत दोन आठवड्यांनंतर. हे सगळे मंजूर, बंदिस्त हरितगृहात. टाकाऊ माती आणि रोपे ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर.

टप्पा १० : कलम, म्हणजे खरी परीक्षा

खुंट स्वतः बुटका असणे आणि त्याच्यावरच्या वाणाला बुटके ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सफरचंदात जिबरेलिन कमी करून झाड ठेंगणे करण्याचे काम ईस्ट मॉलिंगमध्ये झाले, पण तिथे तो बदल वरच्या वाणात केलेला होता आणि उंची खुंटावर अवलंबून राहिली नाही. म्हणून जनुकबदल केलेल्या खुंटावर साधा, बदल न केलेला वाण बांधूनच बोला.

१. तुलनेचे खुंट : तुमच्या ओळी, रिकाम्या प्लास्मिडची ओळ, त्याच टिश्यू कल्चरमधले साधे एम-२६, बुटकेपणाचे माप म्हणून एम-९ आणि जोमदार बाजूला एमएम-१११.
२. कलमकाड्या एकाच, विषाणूमुक्त मातृवृक्षावरच्या, सारख्या जाडीच्या.
३. डोळा किंवा कलम सर्वांवर एकाच उंचीवर, जमिनीपासून २० ते २५ सेंमीवर. बुटक्या खुंटाचा जितका भाग मातीवर राहतो तितका त्याचा परिणाम वाढतो. उंचीतला फरक म्हणजे निकालातला फरक.
४. लावताना सांधा मातीच्या वर. तो मातीत गेला की वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटाचा अंकुश संपतो.
५. एका ओळीची निदान १० झाडे, वाफ्यांत विखरून. एम-९ सारख्या खुंटांची पकड कमी असते, म्हणून सर्वांनाच सारखा आधार द्या.
६. सांध्यापासून ठरावीक उंचीवर, समजा २० सेंमीवर, खोडाचा व्यास दर हिवाळ्यात मोजा. ४ सेंमी व्यास असेल तर काटछेदाचे क्षेत्र १२.६ चौरस सेंमी. फक्त उंची मोजू नका, छाटणीने ती बदलते. नव्या फांदीची लांबी, पेरांची संख्या, पहिले फूल कधी, फळाचे वजन आणि खुंटाच्या बुडातून येणारे फुटवे, याही नोंदी हव्यात.

सावध : खुंटाच्या बुडातून येणारे फुटवे जनुकबदल झालेले असतात. ते वाढून फुलले तर त्यांचे परागकण बाहेर जातील. महिन्यातून एकदा ते मुळापासून काढा, मोजा आणि नष्ट करा. नोंदवहीत तारीख लिहा.

कलमांबरोबरच त्या ओळींच्या हिवाळी काड्याही लावून बघा. रोपवाटिका बाटलीतल्या फांद्या लावत नाही, ती मातीच्या भरावात किंवा काडीपासून खुंट वाढवते. शून्य आयबीएवर नव्वद टक्के मुळे देणारी ओळ पेन्सिलइतक्या जाड काडीला मुळे देत नसेल, तर रोपवाटिकेच्या दृष्टीने ती अजून तयार नाही. पहिल्या दोन हंगामांत झाड सावरत असते, त्या आकड्यांवरून ओळ निवडू नका आणि टाकूही नका. तिसऱ्या ते पाचव्या हंगामात, फळाचा भार आल्यावर, खोडाचे क्षेत्र एम-९च्या तुलनेत कुठे राहते ते पाहा.